उजनीचे पाणी कोणत्या जिल्ह्यात?

बारामतीतल्या ज्या दैनिकाच्या कचेरीत मी उपसंपादक आहे, तिथे आतल्या पानाच्या तळाशी सामान्यज्ञानाचे पाच प्रश्न रोज छापले जात. उत्तरे त्याच चौकटीत, बारीक टाइपात, उलटी. वाचायची तर अंक फिरवावा लागे. हे सदर कोणी मागितलेले नव्हते. पानावरची एक ठरलेली जाहिरात बंद झाली, जागा रिकामी राहू लागली आणि ती भरण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिले वर्षभर प्रत्येक उत्तर एका शब्दाचे होते. ऊस ही कोणत्या प्रकारची वनस्पती? गवत. नीरा नदी भीमेला कोठे मिळते? नरसिंहपूर. कऱ्हा कोणत्या नदीला मिळते? नीरा. त्यापुढे लिहायला जागा नव्हती, आणि लिहायला हवे असे मला वाटतही नव्हते.

एका दुपारी सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ कचेरीत आले. शेळगावहून एसटीने आले होते. हातातला अंक त्यांनी उलटाच धरला होता, कारण त्यांना दाखवायचे होते ते उत्तर उलटे होते.

"हे कुणी लिवलं?"

"मी."

"उजनी धरण कोणत्या जिल्ह्यात, तर सोलापूर?"

"बरोबर आहे. धरण माढा तालुक्यात आहे."

"आन् पाणी?"

मी त्यांना बसायला सांगितले. त्यांना घरी आणि गावात तात्या म्हणतात, असे त्यांनी सांगितले, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. त्यांचे मूळ गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी होते. धरण भरले तेव्हा ते पाण्याखाली गेले. मग घरच्यांनी शेळगावला जमीन घेतली. त्यांची सून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि संध्याकाळी आमचे पाच प्रश्न मोठ्याने वाचून घरातल्या सगळ्यांना विचारते. त्या दिवशी तात्यांनी ठणकावून 'पुणे' म्हणून सांगितले होते. सुनेने अंक फिरवून उत्तर वाचले आणि घरातले सगळे हसले.

"माझं गाव पुणे जिल्ह्यातच बुडालं की," तात्या म्हणाले. "पाणी काय शिवंवरचा दगड बघून थांबतं व्हय?"

मी सांगितले की धरण म्हणजे भिंत. ती जिथे बांधली, तो धरणाचा जिल्हा. भिंतीमागे साठते तो जलाशय, आणि तो मागे पार इंदापूर तालुक्यात पसरला आहे. त्यामुळे दोघांचेही बरोबर होते. प्रश्न धरणाचा होता, तात्यांचे उत्तर पाण्याचे होते.

"मग एवढं छापा की."

"जागा नाही, तात्या."

"त्या वरच्या नटीचा फोटू जरा बारका करा."

फोटो बारका करणे माझ्या हातात नव्हते. प्रश्न कमी करणे होते. दुसऱ्या दिवसापासून पाचाऐवजी तीन प्रश्न घेतले आणि प्रत्येक उत्तराखाली दोन ओळींचे कारण दिले. पहिला प्रश्न उजनीचाच होता.

त्यानंतर सदराचा नूर बदलला. भिगवणच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षी गुलाबी का, याचे उत्तर पूर्वी 'आहारामुळे' एवढेच झाले असते. आता लिहिता आले की त्यांची पिल्ले राखाडी असतात. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन त्यांतले रंगद्रव्य अंगात उतरते, आणि तो आहार तुटला तर पिसे फिकी पडतात. तोडलेला ऊस लवकर गाळपाला का न्यावा लागतो, याखाली लिहिले की तोडीनंतर उसातली साखर फुटून तिचे दोन साध्या साखरांत रूपांतर होऊ लागते, आणि त्या असल्या की साखरेचे दाणे नीट धरत नाहीत. हे शेतकऱ्यांना आधीच ठाऊक होते. कारण ठाऊक नव्हते. ऊस गवत कसा, हेही पुन्हा दिले. पोकळ नसला तरी पेराचा दांडा, खोडाला वेढणारे पान, शेंड्याला येणारा तुरा. त्या दिवशी तात्यांचा फोन आला.

"म्हंजे आमी जन्मभर गवतच राखलं म्हना की."

"ज्वारी आणि गहूसुद्धा गवतच आहे, तात्या."

"मग हरकत न्हाय. सगळ्यांचंच गवत हाय."

या काळात माझ्याकडून एक चूक होत राहिली. कारणे मी पुस्तकांतून, अहवालांतून, कधी जाणत्या माणसाला विचारून घेत होतो, पण कोणते कशातून घेतले हे लिहून ठेवत नव्हतो. बातमीला स्रोत लागतो, चौकट भरायच्या मजकुराला लागत नाही, असे मी गृहीत धरले होते.

साधारण दोन वर्षांनी तात्यांची सून कचेरीत आली. मी तिला प्रथमच पाहत होतो. सकाळी घरचे आवरून ती एसटीने इंदापूरच्या अभ्यासिकेत जायची आणि चारच्या गाडीने परत. असे तिने सहा वर्षे केले होते. एका सरकारी भरतीची परीक्षा तिने नुकतीच दिली होती. वयाच्या अटीमुळे तिचा हा शेवटचा प्रयत्न होता. पहिली उत्तरतालिका लागली होती. तिने आपले गुण मोजले होते. गेल्या भरतीची निवड यादी जिथे थांबली होती, त्याच्या एक गुण खाली ती येत होती. एका प्रश्नाला दोन गुण होते.

तिने वहीत उतरवलेला प्रश्न पुढे ठेवला. उजनी धरणाचा जलाशय कोणत्या जिल्ह्यात आहे? पर्याय: सोलापूर, पुणे, सातारा, एकाहून अधिक जिल्ह्यांत. तिने चौथा निवडला होता. उत्तरतालिकेत पहिला बरोबर धरला होता.

"प्रश्न काढणाऱ्यांनी धरणाचं उत्तर जलाशयाला लावलंय, सर. मी तुमच्या चौकटीत वाचलं होतं, म्हणून थांबून विचार केला. नाहीतर मीपण सोलापूरच लिहिलं असतं."

"हरकत घ्या मग."

"घेणारच हाय. पण पुरावा लागतो. अधिकृत पुस्तक नाहीतर सरकारी कागद, पान नंबरासकट. वर्तमानपत्राचं कात्रण चालत नाही. तुम्ही कशातून घेतलं होतं, तेवढं सांगा."

हरकतीची मुदत संपायला तीन दिवस होते. मी जुनी टिपणवही काढली. त्या दिवसाखाली तीन शब्द होते: उजनी, भिंत, पाणी. स्रोत नव्हता. मी तिला तसे सांगितले. ती रागावली नाही. म्हणाली, "मग शोधू या."

पाटबंधारे खात्याच्या कचेरीत फोन केला. नकाशा मिळेल, पण अर्ज द्यावा लागेल आणि आठवडा जाईल, असे उत्तर आले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जिल्ह्याचे गॅझेटियर होते. मी स्वतः जाऊन पाहिले. ती आवृत्ती धरणाच्या आधीची निघाली. तिच्यात भीमा इंदापूर तालुक्याच्या कडेने मोकळी वाहत होती आणि काठावरच्या गावांची नावे होती. वाचायला ते चांगले होते. पुरावा म्हणून त्याचा उपयोग शून्य.

दुसऱ्या दिवशी ती तात्यांना घेऊन आली. तात्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडीचा एक कागद काढला. त्यांच्या वडिलांच्या नावाची भूसंपादनाची नोटीस. गाव, गट, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, कारण उजनी प्रकल्प. घड्यांवर कागद विरला होता, तरी अक्षर वाचता येत होते.

मी तो दोनदा वाचला. "तात्या, जमीन घेतली हे यावरून सिद्ध होतं. तिथं पाणी आलं, हे यात लिहिलेलं नाही."

"पाणी आलं न्हाय व्हय? मग आमी काय हौसंनं उठलो तितनं?"

"तसं नाही म्हणत मी."

"माज्या आईनं जात्याची तळी डोक्यावर घेऊन आणली. पाणी आलं न्हाय म्हनं!"

सून मध्ये बोलली. "तात्या, सर तपासणाऱ्याच्या बाजूनं बोलतायत. तपासणाऱ्याला तुमची आई माहीत न्हाय."

तात्या कागदाची घडी घालू लागले. मग मला म्हणाले, "त्याला एकदा हिकडं आना. होडीत बसवून दावतो."

होडीत बसवून दाखवलेले संगणकावरच्या अर्जात चढवता येत नाही. उरलेला दिवस आणखी दोन फोनांत गेला, आणि दोन्हीकडे साहेब दौऱ्यावर होते.

शेवटच्या दिवशी सकाळी साडेनऊला तिचा फोन आला. आवाज दबका होता.

"सर, एक विचारू का? हसू नका."

"विचारा."

"माझ्या मुलीचं तिसरीचं पुस्तक हाय, परिसर अभ्यासाचं. त्यात पुणे जिल्ह्याचा नकाशा हाय. इंदापूर तालुक्याच्या कडेला निळं दाखवलंय आणि उजनी जलाशय असं लिहिलंय. पहिल्या दिवशीच आठवलं होतं मला. पण तिसरीचं पुस्तक लावलं तर तिथं हसतील ना? पदवीच्या परीक्षेला बाराखडी जोडल्यासारखं."

पुस्तक कोणी काढले आहे, हे मी विचारले. राज्याच्या पाठ्यपुस्तकांचे होते, शाळेत वाटलेले. पान क्रमांक विचारला. तोही होता. मी तिला सांगितले की पुरावा कितव्या इयत्तेचा हे कोणी विचारत नाही. कोणी छापला आणि कोणत्या पानावर, एवढेच विचारतात. शिवाय तिला सगळे सिद्ध करायचे नव्हते. सोलापूर जिल्ह्यात पाणी आहे हे उत्तरतालिकेलाच मान्य होते. पुणे जिल्ह्यात थोडेसे जरी दाखवता आले, तरी चौथा पर्याय आपोआप बरोबर ठरत होता.

"एवढं सोपं होतं?"

"सोपं नव्हतं. दोन दिवस मलाही सुचलं नाही. मी गॅझेटियर चाळत होतो."

दुपारी ती बारामतीला आली. पुस्तकाचे मुखपृष्ठ, छपाईचे पान आणि नकाशा यांच्या प्रती तिने काढून आणल्या होत्या. नकाशातल्या जिल्ह्याच्या हद्दीवर मुलीने केशरी खडू फिरवला होता, त्यामुळे हद्द जास्तच ठळक झाली होती. तात्यांची नोटीस दुसरा पुरावा म्हणून जोडायची ठरली. अर्जात स्पष्टीकरणासाठी छोटी चौकट होती. आधी मी लिहून देऊ का, असे विचारले. ती म्हणाली, "नको. माझं मी लिहिते, तुम्ही नंतर बघा." तिने एका दमात लिहिले:

"प्रश्न धरणाच्या जागेचा नसून जलाशयाचा आहे. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात आहे, हे मान्य. सोबतच्या पाठ्यपुस्तकातील नकाशात जलाशयाचा भाग पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात स्पष्टपणे दाखवला आहे. म्हणून जलाशय एकाहून अधिक जिल्ह्यांत आहे. पर्याय चार बरोबर."

मी 'स्पष्टपणे' हा शब्द काढला. बाकी एकही अक्षर बदलावे लागले नाही. चारच्या सुमारास अर्ज गेला आणि पोचपावतीचा क्रमांक आला. तो तिने वहीत, मोबाइलमध्ये आणि तळहातावर, असा तीन ठिकाणी लिहून घेतला.

काही आठवड्यांनी अंतिम उत्तरतालिका लागली. त्या प्रश्नापुढे पर्याय एकाऐवजी पर्याय चार होता. मी फोन केला तेव्हा तिला ते आधीच कळले होते, पण ती आनंदात नव्हती. तिचे म्हणणे बरोबर होते. दोन गुण फक्त तिचेच वाढले नव्हते. चौथा पर्याय लिहिलेल्या सगळ्यांचे वाढले होते, आणि यादी कुठे थांबेल हे आता गेल्या भरतीवरून सांगता येणार नव्हते. अभ्यासिकेत तिच्या आसपास बसणाऱ्या बहुतेकांनी चौथाच लिहिला होता. इंदापूर तालुक्यातल्या माणसाला पाणी कुठे आहे हे ठाऊक असते.

"आता काय करणार?" मी विचारले.

"काय करायचं? उद्या अभ्यासिकेत जाणार. दुसऱ्या एका परीक्षेला वयाची अट वेगळी हाय."

निवड यादी लागली त्या दिवशी मी पानाच्या कामात होतो. फोन तिच्या नंबरवरून आला, पण बोलत होते तात्या.

"साहेब, नाव आलंय."

"कितवं?"

"शेवटून चवथं. पर आलंय. दोन गुण नसतं तर न्हवतं, असं ती म्हनती."

मागे भांड्यांचा आवाज होता आणि कोणीतरी मोठ्याने काहीतरी वाचत होते. मी तिला फोन द्यायला सांगितला. ती देवळात गेली आहे आणि तिथून शाळेत पेढे द्यायला जाणार आहे, असे कळले. कागदपत्रे तपासायला पुढच्या आठवड्यात पुण्याला बोलावले होते आणि त्यानंतर रुजू व्हायचे पत्र येणार होते. पत्र यायच्या आधीच घरात कामांची वाटणी सुरू झाली होती, हे तात्यांनी न विचारता सांगितले.

"सकाळच्या धारा मी बघतो, म्हनलोय तिला. पोरीला शाळंत सोडायला म्हातारी जाईल. डबा मातुर तिच्या नवऱ्यानं करायचा. सकाळी यादी लागल्या लागल्या शिकाय बसला. एकबी चपाती गोल आली न्हाय."

"मग काय केलं?"

"खाल्ल्या की. चांगल्या लागल्या. आता परत बसलाय, थांबा, त्याचा तव्यावर हात भाजला वाटतं," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.