सुभद्राचं बोलत चालणं

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर सकाळच्या उन्हात तुरीच्या शेंगा सोलल्या. सुभद्रा दाणे टोपल्यात टाकायची, मी तोंडात. "समदे तुमीच खावा. वरणाला टरफलं शिजवते," म्हणाली. मग पदर खोचून उठली आणि आम्ही मारुतीच्या देवळाकडं निघालो.

माझ्या बायकोला फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढायचं दुखणं होतं. हात वर केला की धाप लागायची, म्हणून तिच्या केसांचा बुचडा मी बांधायचो. "डोक्यावर साळुंकीनं घरटं केलं का वं?" म्हणायची. परभणीच्या दवाखान्यात गोळ्यांबरोबर व्यायाम लावला. तिथल्या व्यायामाच्या बाईंनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून तिला दोन महिने खोलीत हळूहळू चालवलं. मग घरी चालायला सांगितलं आणि मला बजावलं, "काका, चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की तिथंच बसवायचं."

बोलायचं तिला सांगावं लागत नव्हतं. माझे दोन शब्द, तिचे वीस. चालताना मी काही विचारलं तर म्हणायची, "तुमी बोलायलाव, दम मला लागायलाय." तिसऱ्या महिन्यात तिनं स्वतःचा बुचडा स्वतः बांधला आणि शेजारणीला दाखवायला गेली.

पण आमच्या बोरी गावात बिनकामाचं चालायची तिला लाज. "लोक म्हणतील, म्हातारीला घरातून हाकललं." म्हणून देवळाला प्रदक्षिणा घालायच्या, ही युक्ती माझीच.

शेंगा सोलल्या त्या दिवशी सातव्या फेऱ्याला ती देवळामागं थांबली. भिंतीला हात लावला, पायरीकडं बोट केलं. मी म्हणालो, "प्रदक्षिणा अर्धी सोडती का कुणी? चल, चार पावलं राह्यलीत."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि चालायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उलट बोलली नाही. मला वाटलं, ऐकलं माझं. बोलायला दमच उरला नव्हता, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. देवळासमोर आली आणि पडली. दवाखान्यात न्यायला जीप येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवस मावळायच्या आत अग्नी दिला. सगळे म्हणाले, "दुखणंच तसलं होतं." म्हणू देत. त्या भिंतीपाशी मी होतो, ते नव्हते. घरी आलो तर मला बोल लावायलाही कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तर भाऊ आडवा आला. "सुतकात कुठं जायलास? अग्नी देणारा माणूस घर सोडतो का?" त्याला बाजूला सारलं आणि परभणीची पहिली एसटी धरली.

व्यायामाच्या खोलीबाहेर बाकावर पेशंटची माणसं बसली होती. कुणाची आई आत, कुणाची बायको. मी त्यांच्यापुढं उभा राहिलो.

म्हणालो, "तुमचं माणूस थांबलं की थांबू द्या. माझी थांबली होती."