टाकीला थापलेला साबण

शी! तो साबण अजून डोळ्यांपुढं येतो. माझा अंघोळीचा, चांगल्या वासाचा साबण. लग्न होऊन घोटावड्याला आले आणि तिसऱ्याच दिवशी न्हाणीत बघते तर वडीवर नखांनी ओरबाडल्याचे खड्डे, त्यात काळंकुट्ट वंगण. सासऱ्यांनी त्यातला गोळा काढून त्यांच्या जुन्या मोटारसायकलच्या टाकीखाली थापला होता. पेट्रोल गळत होतं ना! चार-आठ दिवस गळती थांबायची, मग साबण सुटायचा, मग पुन्हा माझी वडी. उरलेल्या तुकड्यानं आम्ही तोंडं धुवायची.

ती गाडी रोज संध्याकाळी ओसरीत यायची. बाहेर ठेवली तर चोरीला जाईल म्हणे. अहो, त्या खटाऱ्याला कुठला चोर हात लावतोय! ओसरीला लागून स्वयंपाकघर, मध्ये नुसता पडदा. इकडे मी गॅस पेटवायची आणि तिकडे टप टप. पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून खाली स्टीलची वाटी ठेवलेली असायची. सकाळी त्यातलं पेट्रोल टाकीत आणि वाटी मोरीत. एकदा सासूबाईंनी त्याच वाटीत मला आमटी वाढली. पहिला घोट घेतला आणि परसात जाऊन भडाभडा ओकले. भाकरीला वास, गोधडीला वास, माझ्या केसांना वास. रोज काडी ओढायच्या आधी मी परसाचं दार उघडायची. एक दिवस हे घर आपल्याला आत घेऊन पेटणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पण सगळ्यात जास्त किळस येते ती माझी मलाच. कारण ती गळती कशानं होते, तेही मला ठाऊक होतं. माझ्या वडिलांचं पौडला गॅरेज. लग्नाआधी मी त्यांच्या बरोबरीनं गाड्या खोलायचे. पेट्रोलचा कॉक, म्हणजे चालू-बंद करायची तोटी, टाकीला जिथं बसतो तिथलं रबरी वॉशर कुजलं होतं, बास. अर्ध्या तासाचं काम. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "मामा, वॉशर बदलायला लागंल. मी बदलते."

"सुना पाना फिरवाया लागल्या का आता?" सासरे म्हणाले. "गावात तोंड दाखवायची सोय ठेव जरा."

आमचे हे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. मीही गप्प बसले, ती नऊ वर्षं.

मग तो दसरा आला. आमच्याकडे गाडीची पूजा भरल्या टाकीनं करतात; रिकाम्या टाकीला हळदकुंकू लावायचं नाही, असा सासऱ्यांचा दंडक. सकाळीच ते टाकी काठोकाठ भरून आले. वर चकाकी यावी म्हणून पेट्रोलच्या फडक्यानं सगळी गाडी पुसली आणि ते फडकं तिथंच इंजिनावर ठेवलं. झेंडूची माळ घातली, नवीन साबण थापला. मी औक्षणाचं ताट घेऊन आले. निरांजन पेटलेलं होतं. वाकून बघते तर साबणाच्या कडेनं धार लागलेली.

मी निरांजन फुंकलं.

"अगं बया!" सासूबाई किंचाळल्या. "सणाचा दिवा फुकतीस व्हय? अक्कल गहाण टाकलीस का?"

"आई, पेट्रोल गळतंय. बाहेर घ्या गाडी."

"नऊ वर्सं गळतंय," सासरे म्हणाले, "आनि नऊ वर्सं ववाळतोय. काय झालं का कदी?" त्यांनी ताट माझ्या हातातून हिसकावलं, निरांजन पुन्हा लावलं आणि पुढच्या चाकापासून ओवाळत ताट इंजिनापाशी नेलं.

भप्पकन आवाज झाला. फडकं पेटलं, माळ पेटली, सासऱ्यांच्या नव्या सदऱ्याची बाही पेटली. मी त्यांना खांद्याला धरून मागं ओढलं आणि उंबऱ्यातलं ओलं पोतं त्यांच्या हातावर गुंडाळलं. आमचे हे पहिल्यांदाच मोबाईल टाकून पळाले. शेजारच्या बांधकामावरची वाळू घमेल्यांनी ओतली तेव्हा आग विझली. आणखी थोडा उशीर झाला असता तर टाकीच फुटली असती. सासऱ्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

पौडच्या दवाखान्यात पट्टी बांधून घेताना ते डॉक्टरांना म्हणाले, "सुनंनं दिवा फुकला, म्हनून झालं हे." डॉक्टर हसले. पण गाव हसलं नाही. दोन दिवस जी बाई बघायला आली ती माझ्याकडं डोळे वटारूनच गेली. इतका वीट आला मला त्या माणसांचा!

तिसऱ्या दिवशी मी कोणाला न विचारता पाना काढला. टाकीत उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं, कॉक खोलला. कुजलेल्या वॉशरभोवती नऊ वर्षांच्या साबणांचा थर बसला होता, काळा, बुळबुळीत, त्यात केससुद्धा. माझेच असणार. सगळं खरवडलं, नवं वॉशर बसवलं, नळी बदलली. टाकी भरून खाली वर्तमानपत्र पसरलं. दुपारपर्यंत त्यावर एक डाग पडला नाही. सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या.

सासऱ्यांना त्या हातानं जेवता येत नव्हतं. मी दोनदा साबण लावून हात धुतले, भाकरी कुस्करली आणि घास त्यांच्या तोंडापाशी नेला. त्यांनी नाक मुरडलं, मान फिरवली.

"शी!" ते म्हणाले. "पेट्रोलचा वास येतोय तुज्या हाताला."

मी घास तसाच धरून ठेवला. "व्हय," म्हटलं. "खावा आता."