नऊ सेकंदांचा गायक

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुपारभर कोरियन भाषा वावरत होती. बाहेर ऊन इतकं की गल्लीत कुत्रंही दिसत नसे. कूलरला नवी वाळ्याची जाळी बसवली होती, तिचा ओला वास खोलीभर पसरायचा आणि आतल्या खोलीतून पाच पोरांचं गाणं यायचं. सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की मी पंख्याखाली आडवा व्हायचो. अर्धा जागा, अर्धा झोपेत. एक शब्द कळत नसे, पण त्याचं काही वाटतही नसे. लहानपणी भवानी पेठेत आमच्या भिंतीपलीकडे तेलुगू बोलणारं विणकर कुटुंब होतं. त्यांच्या घरातली गाणी मी अशीच ऐकत झोपायचो. अर्थ नसला की गाणं हलकं होतं, पाण्यावर पडलेल्या पिसासारखं, असं मला तेव्हाही वाटायचं.

माझ्या मुलीची बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. मागच्या गल्लीतली तिची मैत्रीण रोज जेवून आमच्याकडे येई. तिच्या घरी तेलुगू बोलतात, पण आमच्याकडे आली की तिचं मराठी माझ्यापेक्षा धारदार. भिंतीवर त्या पाच गायकांचं पोस्टर होतं. त्यांची नावं माझ्या लक्षात राहीनात, म्हणून मी डावीकडून नंबर दिले होते. मुलीचा आवडता तिसरा, चंदेरी केसांचा. मैत्रिणीचा पाचवा, काळ्या केसांचा. आपल्या आवडत्याला या पोरी 'बायस' म्हणतात.

दोघी गाण्यावर जितक्या बोलायच्या, त्याहून जास्त या गायकांना घडवणाऱ्या कंपनीवर बोलायच्या. ही पोरं तेरा-चौदाव्या वर्षी घर सोडून येतात, वर्षानुवर्षं तालीम करतात, काय खायचं ते कंपनी ठरवते, प्रेमात पडायची चोरी. हे ऐकताना माझी झोप उडायची.

"तिसऱ्याला मुद्दाम मागं ठेवतात," मुलगी म्हणे. "सगळ्यात चांगला आवाज त्याचा, आणि ओळी बघ किती."

"कंपनीय बे ती, आश्रमशाळा न्हाय," मैत्रीण म्हणे. "ज्याचं तोंड खपतं त्याला पुढं करणार की."

"म्हणजे तुझ्याचं खपतं."

"दिसायला बराय, त्याला मी काय करू?"

एकदा वाद इतका चढला की मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्हीच मोजा. कोण किती सेकंद गातं ते. तुमचा आकडा आम्ही दोघी मानू."

या चाहत्यांमध्ये अशी मोजदाद करायची रीतच आहे. नवं गाणं आलं की कुणीतरी प्रत्येकाचे सेकंद काढतो, तक्ता करतो, आणि मग जगभर त्यावर भांडणं होतात. मी टॉवेलाच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. टेबलावर टॉवेल पसरायचा, दोन्ही बाजू डोळ्याखालून घालायच्या, खोट दिसली की लाल दोरा बांधायचा. बावीस वर्षं हेच करतोय. मोजायचं म्हटल्यावर मला नाही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी माझी दुपारची सुट्टी होती आणि मुली प्रवेश परीक्षेच्या क्लासला गेल्या होत्या. मी वही, घड्याळ आणि मुलीचा लॅपटॉप घेऊन बसलो. व्हिडिओ फार सुंदर होता. एक लांब रिकामा व्हरांडा, त्यात वरून पांढऱ्या पाकळ्या पडतायत, आणि ही पोरं त्यातून चालत येतायत, जणू कुणीतरी स्वप्नातून त्यांना हाक मारली आहे. मी पोस्टर समोर ठेवून एकेकाचे सेकंद लिहीत गेलो. गाणं एकशे चौऱ्याण्णव सेकंदांचं. नुसतं वाजवणं एकतीस सेकंद. उरले एकशे त्रेसष्ट. पहिला एक्केचाळीस, दुसरा अडतीस, तिसरा नऊ, चौथा तेहेतीस, पाचवा बेचाळीस. बेरीज केली, बरोबर एकशे त्रेसष्ट. आकडे सेकंदाला सेकंद जुळले म्हणून मी वही मिटली.

मुलीने तक्ता बघितला आणि तिचा चेहराच बदलला. "नऊ? फक्त नऊ?" ती दुखावली होती, आणि तितकीच खूशही झाली होती. अन्यायाचा पुरावा हातात आला होता. तिने गाणं पुन्हा लावून बघितलं नाही. तक्त्याचा फोटो काढला आणि चाहत्यांच्या पानावर टाकला. खाली लिहिलं की हे मोजमाप ज्यांनी केलं ते सेकंदाचीही चूक करत नाहीत.

संध्याकाळपर्यंत तो तक्ता हजारभर लोकांनी पुढे पाठवला. तिसऱ्याच्या बाजूचे लोक कंपनीला पत्र लिहायच्या गोष्टी करायला लागले. मैत्रीण मात्र दुसऱ्या दुपारी आली ती दारातूनच म्हणाली, "काका, कुठंतरी चुकतंय. माझ्याला बेचाळीस? एवढं तो गातच न्हाय."

"बेरीज जुळलीय," मी म्हणालो.

"जुळू दे की. कानाला पटत न्हाय."

"माझे पप्पा चुकत नाहीत," मुलगी म्हणाली. "तुझ्याला जास्त मिळालं तर तुला लाज वाटायला लागली, एवढंच."

"मला कशाला लाज? मी काय कंपनीची मालकीणय?" मैत्रीण तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि आल्या पावली परत गेली. नंतर सलग चार दिवस ती आली नाही.

मुलगी पानावर लोकांशी भांडत बसायची. बरेच जण तक्ता चुकला म्हणत होते. ती प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची, माझ्या वडिलांनी मोजलंय. माझी बायको एकदा म्हणाली, "अहो, पोरगी जेवायलाही उठेना. काय मोजून ठेवलंत तुम्ही?" तो बेचाळीसचा आकडा मलाही टोचायला लागला होता. कारखान्यातही एखादी खोट दिसायच्या आधी बोटांना जाणवते.

पाचव्या दिवशी मुलगी झोपली होती. मी व्हिडिओ परत लावला. या वेळी मोजायचं नाही, नुसतं बघायचं ठरवलं. कूलरचं पाणी ठिबकत होतं, लांबून यंत्रमागांचा आवाज येत होता, डोळे जड झाले होते. पाकळ्या पडत होत्या. चंदेरी केसांचा तिसरा गात गात एका पांढऱ्या पडद्यामागे गेला. पडदा वाऱ्याने फुगला, खाली आला, आणि मागून काळ्या केसांचा एक पोरगा बाहेर आला. गाणं तुटलं नव्हतं. आवाज तोच होता, श्वास घ्यायची ढब तीच होती.

मी उठून बसलो. तिसऱ्याचे केस अर्ध्यातून काळे झाले होते. पोस्टरवर काळे केस एकट्या पाचव्याचे, म्हणून पडद्यानंतरचं तिसऱ्याचं सगळं गाणं मी पाचव्याच्या नावावर लावलं होतं. मी डोळ्यांनी तपासलं होतं, टॉवेल तपासतो तसं. आणि बेरीज जुळणारच होती. एकाचे सेकंद दुसऱ्याच्या खात्यात गेले तर बेरजेला काय त्याचं.

तीनदा ऐकून परत मोजलं. सतरा सेकंद चुकीच्या जागी होते. तिसरा सव्वीस, पाचवा पंचवीस.

मुलगी उठल्यावर मी तिला पडदा दाखवला आणि सांगितलं, "मी चुकलो."

ती थांबवलेल्या चित्राकडे बघत म्हणाली, "हे मला माहीत होतं, पप्पा. केस बदलतात ते. मी शंभरदा बघितलाय हा. तुम्ही केसांवरून मोजलं असेल असं डोक्यातच आलं नाही. नऊ बघितलं आणि खरं वाटलं."

"आता?"

"काढून टाकते तक्ता. कुणाला कळणार पण नाही."

"कळणार नाही," मी म्हणालो. "पण ज्यांनी चूक आहे म्हणून सांगितलं, ते आजही खोटेच ठरलेत. त्यात तुझी मैत्रीण आहे."

"माझ्या बाजूचे लोक मला फाडून खातील. एवढे दिवस मी त्यांना... आणि सव्वीस काय कमी नाहीत. मग मी भांडत कशासाठी होते?"

मी वही तिच्यासमोर ठेवली आणि चहा टाकायला गेलो.

परत आलो तर तिने लिहून टाकलं होतं. आधीचा तक्ता चुकीचा आहे, हे खरे आकडे, चूक माझी, मी न बघता टाकला. मी म्हणालो, मोजायची चूक माझी होती, ते पण लिही, नाहीतर हेही अर्धंच खरं. तिने तेही लिहिलं. उत्तरं यायला लागली तसा तिने फोन पालथा घातला. मग डोक्यावर ओढणी घेऊन भर उन्हात मागच्या गल्लीत गेली.

अर्ध्या तासाने दोघी आल्या, घामाने भिजलेल्या. मैत्रीण पाणी प्यायली, मग तिने वही ओढून घेतली, आकडे बघितले.

"पंचवीस? म्हणजे सगळ्यात कमी माझ्यालाच! आता बोला."

"एका सेकंदानं तर बे," मुलगी म्हणाली.

"एक तर एक. अन्याय तो अन्याय. काका, पत्र लिवा कंपनीला."

तिघेही हसलो. मग मैत्रीण म्हणाली, पाचव्याचे पंचवीसपण तिला मान्य नाहीत, शेवटी तिसऱ्याचा आणि पाचव्याचा आवाज मिसळतो तिथं मी परत गडबड केली असणार. ते तपासायला हवं. "पण आता बघायचं न्हाय, काका. डोळे मिटा."

मी डोळे मिटले. कूलरचा गारवा, वाळ्याचा वास, आणि अंधारात पाच आवाज, एकमेकांच्या अंगावरून जाणाऱ्या सावल्यांसारखे. आधी सगळे एकच वाटले. मग एक जरा खरखरीत, एक नाकातला, एक असा की ओळ संपताना मागे थोडी हवा सोडतो.

"हा तिसरा," मी म्हणालो. "आणि त्याच्या खाली, हळू, तो पाचवा. दोन सेकंद. नाही, तीन."

डोळे उघडले तेव्हा मुलगी पेन धरून थांबली होती. वहीत लिहायच्या आधी तिने मैत्रिणीकडे बघितलं. मैत्रिणीने मान हलवली, मग तिने तीन लिहिले.