पाच हेड आणि एक आक्का

मालिका सहा वर्षं चालली की तिचे भाग कोणाला आठवत नाहीत, चालवणाऱ्यांचे किस्से मात्र साठत जातात. चहाला बसलं की एकाने एक काढावा आणि दुसऱ्याने म्हणावं, हे काहीच नाही.

आमच्या मालिकेचं शूटिंग पाटोद्याजवळ एका भाड्याच्या घरात चालतं. संवाद मी लिहितो, मी आष्टीचा. कथा मात्र मुंबईत ठरते. ती ठरवणाऱ्याला क्रिएटिव्ह हेड म्हणतात. आतापर्यंत पाच झाले. घर तेच, आम्ही तेच.

आक्का म्हणजे मालिकेतली सासू. तलवाड्याच्या प्रयागबाई ते काम करतात. त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. लोक मालिका बघायचे ते आक्कांच्या बोलण्यासाठी, आणि ते बोलणं खरं तर माझ्या बायकोचं, सुमनचं. ती भाकरी थापताना बोलायची, मी जुन्या पाकिटांच्या पाठीवर टिपून घ्यायचो, दुसऱ्या दिवशी आक्का बोलायच्या. एकदा टीव्हीवर स्वतःचंच वाक्य ऐकून ती म्हणाली, "आता घरात तोंड उघडायची बी चोरी हाय." तेही मी टिपलं.

कधी सेटवर आली तर ती प्रयागबाईंच्या शेजारी जाऊन बसायची. दोघींचं काय चालायचं, ते मला कधी कळलं नाही.

\*

पहिले हेड स्वतः यायचे, युनिटबरोबर जेवायचे. फोनवर एकच सांगायचे, आक्का काय म्हणतील ते तुम्ही ठरवा. मालिका पहिल्या नंबरावर गेली. म्हणून त्यांना बढती देऊन दुसरीकडे पाठवलं.

\*

दुसऱ्यांना वास्तव हवं होतं. त्यांनी दिवाळीनंतर आक्कांच्या मुलाला, दगडूला, कोयता घेऊन ऊसतोडीला पाठवलं. पाठोपाठ ते स्वतःही गेले, दुसऱ्या चॅनलला.

त्यांच्या जागी मॅडम आल्या. आक्कांना मुलगा आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पाडवा झाला, कारखाने बंद झाले, ट्रॅक्टर परतले. पाटोद्याच्या बाजारात एका भाजीवालीने मला हटकलं, "समद्या टोळ्या आल्या. तुमचा दगडू कावून न्हाई आला?"

मी मुंबईला फोन केला. मॅडम म्हणाल्या, "दगडू कोण?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी दगडूच्या बायकोचं दुसरं लग्न ठरवलं. दगडूचं काम करणारा पोरगा घरी जेवता जेवता ते बघत होता. त्याने मला विचारलं, "सर, मी मेलोय का?"

मी म्हणालो, अजून तसं काही कळवलेलं नाही.

\*

याच मॅडमना एकदा नदीकाठची पहाट हवी होती. महिना मे. प्रॉडक्शन मॅनेजरने पाटोद्याच्या मे महिन्याबद्दल दोन वाक्यं बोलून बघितली, मग टँकर मागवला. ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक खड्डा भरायचा आणि त्यालाच नदी म्हणायचं, असं ठरलं.

टँकर रिकामा झाला. आम्ही कॅमेरा लावेपर्यंत गावाने हंडे-कळश्यांनी नदी भरून नेली.

जे हाती लागलं होतं ते मुंबईला पाठवलं. मॅडमचा निरोप आला : नदी दिसत नाही, पण बायका फार नैसर्गिक आहेत, एक्स्ट्रा कुठून आणले?

\*

सुमन गेली ती मॅडमच्याच काळात. मी तेरा दिवस सुटी घेतली. परत आलो तेव्हा पाकिटं शिल्लक होती. ती सव्वादोन महिने पुरली. त्यानंतर आक्कांचं बोलणं मी मनाने लिहायला लागलो.

मॅडमचा फोन आला. आक्का हल्ली बातम्या दिल्यासारख्या बोलतात, म्हणाल्या. खरं होतं. आधी प्रयागबाई माझ्या प्रत्येक वाक्यात दोन-चार शब्द बदलायच्या. आता कागद हातात घ्यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि लिहिलंय तसंच बोलायच्या.

\*

चौथे हेड आकडे बघून निर्णय घेणारे. आक्कांचे संवाद लोकांना आवडेनासे झालेत, असं आकडे सांगत होते. त्यावर त्यांनी उपाय काढला : आक्कांना झटका द्या, वाचा जाऊ दे.

प्रयागबाईंनी विचारलं, "मंग मी करू काय?"

"रिअ‍ॅक्ट करा."

तीन महिने आक्का खाटेवर बसून रिअ‍ॅक्ट करत होत्या. माझं काम निम्म्यावर आलं. एक दिवस चहाच्या वेळी प्रयागबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमी हो कावून म्हणलात?"

मग आक्कांना पुढच्या महिन्यात काढायचं ठरलं. भिंतीवर लावायला त्यांचा फोटो मोठा करून आणला, हारही सांगून झाला. तेवढ्यात चौथे हेडच गेले.

\*

पाचवे साहेब पहिल्याच दिवशी सेटवर आले. त्यांनी मालिकेचा एकही भाग बघितला नव्हता. ताज्या नजरेने बघायचंय, असं त्यांचं म्हणणं. आक्का जाणार आहेत, एवढंच त्यांना कोणीतरी गाडीत सांगितलं होतं. ते मॉनिटरसमोर बसले.

सीन साधा होता. सून चिडून पिशवी भरते, घर सोडून निघते. खाटेवरच्या आक्का बघतात. माझ्या कागदावर तेवढंच होतं : आक्का बघतात.

सून उंबऱ्यापर्यंत गेली. प्रयागबाईंनी बघितलं. मग म्हणाल्या, "भाकर खाऊन जा. रुसायला बी ताकद लागती."

सून थांबली. पुढे काय करायचं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून ती थांबलेलीच राहिली. मग तिने पिशवी खाली ठेवली. दिग्दर्शक कट म्हणायचं विसरला. आक्कांची वाचा गेलेली आहे, हे साहेब सोडून सेटवर सगळ्यांना ठाऊक होतं.

"यांना काढायचं कोणाच्या डोक्यात आलं?" साहेबांनी विचारलं. "यांना राहू द्या. हे वाक्य कोणी लिहिलं?"

मी नाही, असं मी सांगितलं.

प्रयागबाईंनी खाटेवरूनच माझ्याकडे बोट केलं. "भाऊंच्या घरनं आलंय."

साहेब माझ्याकडे वळले. "मग घरी सांगा, असं अजून पाठवा."

मी म्हणालो, सांगतो.