नुसत्या हाताचा खो

रहिमतपूरच्या अलीकडे आमच्या गावाचा फाटा आहे आणि फाट्याला लागूनच शाळेचं मैदान. नव्वदीच्या दशकातल्या एका सकाळी मी त्या फाट्यावर मुंबईच्या एसटीची वाट बघत उभी होते. अंगावर आईची ठेवणीतली साडी, शेजारी आबांची पलटणीतली काळी ट्रंक, तिच्यावर त्यांचं नाव अजून पांढऱ्या रंगात. आई रडून घेत होती. आबा हवालदार होऊन घरी आलेले, त्यांना रडणं जमत नसे, म्हणून त्यांनी ट्रंकेचं कुलूप चार वेळा ओढून बघितलं. "गाडीत बसल्यावर मागं वळून बघायचं न्हाई," ते म्हणाले. धाकटी बहीण लता ट्रंकेपुढे रस्त्याकडे तोंड करून उभी होती. गाडी आली तशी मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची पाठ एकदम ताठ झाली, टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. मी गाडीत चढले.

एवढंच झालं. ही एवढीशी गोष्ट मला इतकी वर्षं टोचते आहे असं सांगितलं तर ऑफिसातली माणसं हसतील. खो-खो खेळलेल्या बायका हसणार नाहीत.

न खेळलेल्यांसाठी सांगते. आठ जणी एका ओळीत, एकीआड एक विरुद्ध तोंड करून आपापल्या चौकोनात बसलेल्या असतात. पळणारी मागून येते, एकीच्या पाठीला हात लावते आणि मोठ्याने 'खो' म्हणते. बसलेली उठून पळते आणि खो देणारी तिच्या जागी बसते. शब्द न उच्चारता नुसता हात लावला तर तो खो नव्हे. नुसत्या हातावर जी उठेल तिचा फाऊल.

हे आम्ही दोघी त्या फाट्याजवळच्या मैदानातच शिकलो. लता माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि माझ्याहून चपळ. हे मी तेव्हा कबूल करत नव्हते, आता करते. बारावीनंतर मला सांगलीच्या कॉमर्स कॉलेजात खेळावर प्रवेश मिळाला तेव्हा प्रश्न आला घरचा. आईची कंबर गेलेली, गोठ्यात दोन म्हशी, आबा दिवसभर उसात. आबांनी फौजी तोडगा काढला. "एकीनं जायचं, एकीनं ऱ्हायचं. तीन वर्सांनी बदली." म्हणजे माझं बी.कॉम. झालं की मी घरी यायचं आणि लताने सांगलीला जायचं. लताने मान डोलावली. मी तर आधीच ट्रंक भरायला घेतली होती.

सांगलीचे दिवस मला अजून वासासकट आठवतात. सकाळी कॉलेज, दुपारी मेसचं जेवण आणि डुलकी, साडेचारला मैदान. गुडघे माती लागून लागून काळे पडले होते, दगडाने घासले तरी निघत नसत. विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि कॉस्टिंगचं पुस्तक माझ्याबरोबर गावोगावच्या सामन्यांना फिरू लागलं. चौकोनात बसल्या बसल्या मी मनात गणितं सोडवायची. एकदा पाठीवर हात पडला, खो ऐकू आला, पण माझं उत्तर यायचं होतं. मी बसूनच राहिले. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आलं का उत्तर?" पुढे महिनाभर मैदानावर मला सगळ्या जणी 'उत्तर' म्हणूनच हाका मारत.

उलटंही झालं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत पर्यवेक्षक बाईंनी हॉलतिकीट बघायला मागून पाठीला हात लावला आणि मी ताडकन बाकावरून उठले. बाई दचकल्या. मीही. बारा पानं लिहून झालेला पेपर घेऊन मी कुठे पळणार होते, कोण जाणे.

निकालाआधीच मुंबईच्या एका वित्त कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. काळे गुडघे साडीखाली झाकून मी गेले. अभ्यास आणि खेळ दोन्ही कसं सांभाळलंत, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत 'टाइम मॅनेजमेंट' असं इंग्रजी उत्तर दिलं. ते खूश झाले. खरं उत्तर लता होतं. मी सांगलीत धावत होते तेव्हा पहाटे म्हशी ती पिळत होती, आईला उठवून बसवत होती. बारावी झाल्यावर ती एक वर्ष नुसती माझ्या बदलीची वाट बघत होती. सांगलीच्या सरांनी तिला एकदा पळताना बघितलं होतं, तिची संघातली जागा त्यांच्या मनात ठरलेली होती.

नोकरीचं पत्र घेऊन मी घरी आले. आबांनी ते दोनदा वाचून घेतलं, "लय झ्याक," म्हणाले. आधी माझ्याकडे बघितलं, मग लताकडे. मी म्हणायला हवं होतं, आबा, आता लताला धाडा. पण ते म्हटलं की मला बसावं लागणार होतं. आईची कंबर तशीच होती, म्हशी तशाच होत्या. खो देणारीला बसावंच लागतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि मुंबईतल्या हॉस्टेलविषयी बोलत सुटले. मी स्वार्थी होते, आणि मला ते त्याच ताटावर कळलं होतं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले त्यांना पुढचं ठाऊक आहे. कॉम्प्युटरचं टर्मिनल, क्वार्टर एंडचे हिशेब, अप्रेझल, मग स्वतःची केबिन. नव्या ट्रेनी मुली अजून तोच प्रश्न विचारतात आणि 'टाइम मॅनेजमेंट' म्हणताना माझी जीभ अडखळते. लताला गावातच दिली, आईचं शेवटपर्यंत तिनेच केलं. आबाही गेले. ती आता संध्याकाळी शाळेच्या मुलींना खो-खो शिकवते.

यंदा मी गेले तेव्हा मैदानाकडेच्या दगडावर बसून मी तिला एकदाचं म्हणाले, "लते, त्या वेळी मी आबांशी बोलायला हवं होतं. मी घाबरले."

ती शिट्टीची दोरी सोडवत होती. "फाट्यावर हात लागला हुता, आक्का," ती म्हणाली. "म्हटलं, आता शबूद यील. गाडी दिसंनाशी होईस्तवर तशीच उभी हुते."

"राग आला होता?"

"लय. दोन वर्सं. मग येळ कुठं हुता?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही, कारण तिच्या संघातल्या दोन मुली आल्या नव्हत्या आणि खेळ अडला होता. एका जागी ती पदर खोचून बसली आणि पळायला मला उभं केलं. माझ्या गुडघ्यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली. दहा पावलांत दम लागला. पुढची मुलगी मला वाकुल्या दाखवत निसटली आणि मी लताच्या मागे येऊन पोचले. पाठीवर हात ठेवला. ती पाठ तशीच ताठ झाली.

"खो," मी इतक्या जोरात ओरडले की मुली हसायला लागल्या.

लता उठली आणि पळाली. पन्नाशीला टेकलेली बाई, पण काय पळाली. मी धापा टाकत तिच्या जागी, तिचं तोंड होतं त्याच दिशेला तोंड करून बसले. इतकी वर्षं 'घरी जाते' म्हणत मी या गावाला येत होते, पण इथं बसले अशी मी त्या दिवशी पहिल्यांदाच. त्या चौकोनातून समोर फाटा दिसतो आणि मुंबईकडे जाणारा रस्ता, पार वळणापर्यंत.