काय म्हणते अंगठा?

ऑपरेशनआधी पायाला सुई दिली की आमचे भुलीचे डॉक्टर पेशंटचा अंगठा चिमटीत धरायचे आणि लांबच्या पाहुण्याची खुशाली पुसावी तसं विचारायचे, "काय म्हणते अंगठा?" पेशंट "काहीच नाही म्हणत जी" असं बोलला की मगच सर्जनला पुढे यायची परवानगी.

सर्जनचं नाव भंडाऱ्यात ऑटोवाल्यालाही ठाऊक. यांना मात्र सगळे 'ते सुईवाले' म्हणत. मी त्या दवाखान्यात सिस्टर. एकोणीस वर्षं ट्रे धरून त्यांच्या शेजारी उभी राहिले. नावाचं मीच मनाला लावून घ्यायची. ते हसायचे. "माझ्या हातून काही बिघडलं असतं, तर नाव सगळ्यांना पाठ झालं असतं."

भुलीच्या औषधात ते दुसऱ्या एका औषधाचे थोडे थेंब मिसळत. त्यानं पाय जास्त वेळ बधिर राहतो आणि पेशंट पहिली रात्र झोपून काढतो. "जरासंच, सिस्टर. उगाच शहाणपणा नको," असं स्वतःलाच बजावत ते थेंब सिरिंजमध्ये ओढायचे. शेवटी पायाच्या पट्टीवर बॉलपेननं चहाचा कप काढायचे. म्हणजे उद्या सकाळच्या चहाला पाय जागा होईल. बहुतेकदा व्हायचाही.

एकदा एकोडीचे एक म्हातारे शेतकरी आले. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, घसरून घोटा मोडला होता. दम्यामुळे पूर्ण भूल देणं धोक्याचं, म्हणून फक्त पाय बधिर केला. ऑपरेशन झकास झालं. पट्टीवर कप उमटला.

सकाळी चहा आला, पाय काही उठला नाही. दहा वाजले, बारा वाजले. म्हाताऱ्यांची बायको अंगठा चोळून थकली. "अजी, आता बांधीत उभे कसे राहाल?" म्हणून रडायला लागली. त्यांचा मेहुणा माझ्यावरच धावून आला, "पायच मारून टाकला तुमच्या डॉक्टरनं!"

डॉक्टर वरठीहून स्कूटर दामटत आले. पाय नीट तपासला आणि पायथ्याशी स्टूल ओढून बसले. "चूक माझी हाये. हे औषध कोणाकोणाले जास्त वेळ धरते, ते तुमाले सांगाले पायजे होतं. मी कप काढून मोकळा झालो." मेहुणा मागे सरला. मी पाणी दिलं तर तो ग्लास त्यांनी आधी म्हाताऱ्यांच्या बायकोपुढे केला. मला त्यांची फार माया आली.

दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न, "काय म्हणते अंगठा?" आणि तेच उत्तर. चारच्या सुमारास म्हातारे एकदम ओरडले, "अरे बाप्पा! दुखून राहिला जी!"

डॉक्टरांनी टाळीच वाजवली. पेशंट कळवळतोय आणि डॉक्टर हसतोय, असं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. लगेच दुखण्याचं औषध दिलं आणि अख्ख्या वॉर्डाला चहा मागवला. म्हातारे पट्टीवरच्या कपाकडे बघून म्हणाले, "तुमचा कप खोटा नाही जी. फकत दुपारचा निंगाला."

त्यानंतर डॉक्टरांनी कप काढणं सोडलं. प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना जवळ बसवून समजावून सांगायचे, कितीही घाई असली तरी.

मागच्या हिवाळ्यात ते हृदयविकारानं गेले. दरवर्षी नव्या तांदळाची पिशवी घेऊन येणारे एकोडीचे म्हातारे यंदाही आले. त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले. मग उठले, चप्पल काढली आणि तो पाय डॉक्टरांच्या स्टुलावर ठेवला.

"तुमीच इचारा आता, बाई."

मी वाकून अंगठा चिमटीत धरला. विचारलं, "काय म्हणते अंगठा?"

"बरा हाये म्हणते," ते डोळे पुसत म्हणाले. "पण एवढ्या जोरानं दाबू नोका जी."