मोत्या, चांद्या आणि मळ्यातले आबा

आमच्या शेजारी योगराजभाऊंच्या देवघरात दोन दिवे लागतात आणि फ्रिजवर सतरा. देवघरातले त्यांची बायको कामिनी लावते. फ्रिजवरचे भाऊंचे, हिरवे, पिवळे, दिवसभर लुकलुकणारे. सावद्यात केळीवाले शेकड्यांनी, पण 'वायफायवाले भाऊ' एकच. अख्खी गल्ली त्यांना त्याच नावाने ओळखते. कशी ओळखणार नाही? पासवर्ड मीच वाटलाय.

भाऊ भुसावळला आयटीआयमध्ये वायरमन झाले, काही वर्षं मोटारींचे स्टार्टर दुरुस्त केले, मग घरच्या केळीत आले. पण हातातला पेचकस सुटला नाही. भंगारातून जुने राउटर आणायचे, उघडायचे, ब्रशने झाडायचे आणि दोघांचा मिळून एक चालता करायचा. केबल उंदरांनी कुरतडू नये म्हणून ठिबकच्या जुन्या नळीत ओवलेली. पावसापासून बचाव म्हणून गच्चीवरच्या सिग्नलच्या थाळीच्या मागच्या जोडणीला केळीच्या घडाला घालतात ती पिशवी. आणि सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात तो स्विच कामिनीच्या फराळाच्या डब्यात, वारा लागावा म्हणून झाकणाला भोकं पाडून.

"बेबाताई, दिवाळीत चिवडा कुठे ठेवायचा ते तुमच्या भाऊंनाच विचारा," ती मला म्हणाली होती.

घराच्या गच्चीवर एक थाळी, दीड किलोमीटरवर मळ्यातल्या खोलीच्या भिंतीवर दुसरी. दोघींचं तोंड एकमेकींकडे, म्हणजे घरचं नेट मळ्यात पोचतं. भाऊंनी त्यांना बैलजोडीची नावं दिली, घरची मोत्या, मळ्यातली चांद्या. एकदा पाहुणे बसलेले असताना भाऊ जिन्यातून ओरडले, "कामिनी, मोत्याला बंद करून परत चालू कर गं!" पाहुण्यांनी चहा खालीच ठेवला.

हा सगळा खटाटोप भाऊंच्या वडिलांसाठी, जीवराम आबांसाठी. वय ब्याऐंशी, मुक्काम मळ्यात, आणि गावातल्या घरी राहायचं नाव काढलं की पाय आपटणार. गेल्या वर्षी ते पाटाजवळ घसरले आणि दुपारभर तिथेच पडून राहिले. मळ्यात मोबाईलला रेंज नाही, कळणार कसं? तेव्हा कामिनीने अट घातली: मळ्यात राहायचं तर आबा रोज टीव्हीवर दिसले पाहिजेत, बोलले पाहिजेत. दिवाळीत भाऊंनी थाळ्या बसवल्या, दोन्हीकडे पडदा आणि कॅमेरा लावला आणि आबा दिसू लागले. नुसते दिसले नाहीत, कामिनीच्या भाजीत मीठ किती तेही तिथून सांगू लागले.

उन्हाळा सरला आणि चित्र अडखळायला लागलं. आषाढात आबा तोंड उघडं ठेवून तसेच थिजायचे. श्रावणात पडदा काळा.

भाऊंनी चांद्यामागची सिग्नलची डबी बदलली, केबल बदलली, टोकं नव्याने दाबली. दोष पावसाला दिला, विजेला दिला, शेवटी मला. "ताई, तुम्ही मालिका बघता ना, त्याने लोड येतो."

"हो का? मग माझ्या मालिकेतली सासू मळ्यात जाऊन तुमची थाळी फिरवते वाटतं," मी म्हणाले.

कामिनी मात्र हसली नाही. "पोळ्यापर्यंत आबा दिसले नाहीत, तर पोळ्याला बैलांबरोबर त्यांनाही घरी आणायचं. आणि मग परत पाठवायचं नाही." तिने बाहेरच्या खोलीत गादीसुद्धा घालून ठेवली. सासऱ्याची काळजी होती हो तिला, नाहीतर कोण असं भांडतं?

पोळ्याच्या आदल्या सकाळी भाऊ आणखी एक डबी घेऊन मळ्यात निघाले. केळीची पानं आणायचं निमित्त काढून मीही गाडीत बसले. अशी मजा कोण सोडतं?

आबा ओट्यावर बसून बैलांच्या शिंगांसाठी रंग कालवत होते. भाऊ शिडीवर. आबा रंग ढवळता ढवळता म्हणाले, "योग्या, दिवाईले ह्या ओट्यावरून तुझ्या गच्चीची टाकी दिसे. आता दिसती का, पाह्य बरं."

भाऊंनी मान वळवली. समोर हिरवी भिंत! थाळी बसवली तेव्हा कांदेबागेची, म्हणजे दिवाळीच्या सुमारास लावलेल्या केळीची, रोपं वीतभर होती. आता दहा-बारा फुटांची झाडं घड घेऊन उभी, आणि चांद्याचं तोंड एका पानात खुपसलेलं. केळीचं पान म्हणजे पाण्याची पखालच, त्यातून सिग्नल जातो कसला! ज्या माणसाने रोज झाडागणिक खत-पाणी दिलं, त्यालाच आपली केळी वाढेल हे सुचलं नाही. मी हसत हसत बांधावरच बसले.

"आबा, मग इतके दिवस सांगितलं का नाही?" भाऊ शिडीवरूनच म्हणाले.

"तू मले इचारलं का? तू त त्या डबीलेच इचारी राह्यला."

भाऊंनी कोयता उचलला, तसे आबा काठी घेऊन उठले. "खबरदार! घडाच्या झाडाले हात लावशीन त मीच घरी येतो अन् तुझे बठ्ठे डबे इहिरीत टाकतो."

मग बोअरमधून काढलेले दोन जुने पाईप जोडून खांब उभा राहिला, त्याच्या शेंड्यावर, केळीच्या वर, चांद्या. सालदार झिपरूने दोर ओढला, आबांनी ओट्यावरून हुकूम सोडले.

पोळ्याच्या दुपारी कामिनी खापरावर मांडे टाकत होती. मी तिला मदत करत होते, म्हणजे खात होते. टीव्ही काळाच, भाऊ अजून मळ्यात चांद्याचं तोंड जुळवत होते. अचानक पडद्यावर एक लाल शिंग आलं. मग दुसरं. मग शिंगांमधून आबा.

कामिनी पिठाच्या हातांनीच उठली. "आबा! दिसताय!"

"मी त दिसनारच. मांडे इकडी पाठव, मी काही तिकडी येत नाही!"

ती एकदम हसली, डोळे पुसले, आणि आत जाऊन गादी गुंडाळून ठेवली. मांड्यांचा डबा मात्र मिळेना, त्यात स्विच होता ना! शेवटी माझ्या घरून डबा आणला.

मी हळूच आणखी एक मांडा उचलला, तोच पडद्यातून आवाज आला, "बेबा, तू बी दिसी राह्यली बरं. हा तिसरा शे तुझा!"